साठवलेल्या रजा कंपनीने एका मेलवर रद्द केल्या. हे चालतं का?

मुळाकाठ
नमस्कार. सहा-सात वर्षं इथे नुसतीच वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत २०१७ पासून आहे. कंपनी लहान, साधारण दोनशे माणसं. १२ फेब्रुवारीला सगळ्यांना मेल आला की १ एप्रिलपासून रजेचं नवं धोरण लागू होईल. आतापर्यंत ईएल (काम करून कमावलेली अर्जित रजा), सीएल (नैमित्तिक रजा) आणि सिक लीव्ह वेगवेगळ्या होत्या. आता सगळ्या मिळून वर्षाला १८ दिवस. शिल्लक रजांपैकी फक्त १० पुढच्या वर्षात जातील, उरलेल्या ३१ मार्चला रद्द. पैसेही मिळणार नाहीत.

माझ्या खात्यावर आज ५२ ईएल आहेत. पोर्टल उघडलं की ५२ च्या खाली लाल अक्षरांत दिसतं, '४२ दिवस ३१ मार्च रोजी रद्द होतील'. बेचाळीस दिवस म्हणजे कामाचे दोन महिने. या रजा मी मजेसाठी साठवल्या नव्हत्या. आई साताऱ्याला एकटी असते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया मे महिन्यात ठरली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की पहिले दीड महिने घरात कुणीतरी हवंच. त्यासाठी तीन वर्षं मी दिवाळीलाही चार दिवसांच्या वर रजा घेतली नाही.

एचआरला विचारलं तर उत्तर आलं, "नेमणूकपत्रात लिहिलंय की कंपनी आपली धोरणं वेळोवेळी बदलू शकते." लिहिलंय खरंच, नववा मुद्दा आहे.

मला इतकंच विचारायचंय. काम करून कमावलेली रजा माझी असते, की कंपनीने मर्जीने दिलेली सवलत? कुणाला असा अनुभव आलाय का? पुढे काय केलंत?

दुपारची_डुलकी
आधी त्या पोर्टलचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. पगाराच्या स्लिपवर रजेची शिल्लक छापून येत असेल तर जुन्या सगळ्या स्लिपा उतरवून घ्या. बाकीचं मग बोलू.

खडकीचा_खंडू
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण धोरण कंपनीचं आणि ते बदलायचा अधिकारही तिचाच. मी आतापर्यंत तीन कंपन्या बदलल्या, दोन ठिकाणी असंच झालं. पहिल्या वेळी भांडलो. हाती काही आलं नाही आणि वर्षभर साहेबाशी बोलणं बंद. दुसऱ्या वेळी मार्चमध्ये सरळ २२ दिवस रजा टाकली आणि गावी जाऊन घराची कौलं चाळून आलो. तुम्हीही मार्चमध्येच घेऊन टाका.

मुळाकाठ
@खडकीचा_खंडू, राग नाही. पण शस्त्रक्रिया मेमध्ये आहे. मार्चमध्ये घरी बसून आईचा गुडघा बरा होणार नाही ना. शिवाय मार्चमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मॅनेजर दोन दिवससुद्धा सोडायला तयार नाहीत.

कायद्याचं_बोला
मी कामगार न्यायालयात वकिली करते. कागद न बघता ठाम सल्ला देणं बरोबर नाही, म्हणून फक्त चौकट सांगते. थोडं लांबेल.

महाराष्ट्रातली दुकानं, ऑफिसं, हॉटेलं, आयटी कंपन्या यांना राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी तो आला. त्यातलं कलम १८ शांतपणे वाचा, दीड पानाचं आहे. वर्षाला ८ नैमित्तिक रजा, म्हणजे तुमच्या सीएल. या वर्षाअखेर न वापरल्यास बुडतात, तिथे कंपनीचं काही चुकत नाही. अर्जित रजा म्हणजे ईएल मात्र वेगळी. आदल्या वर्षी २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांच्या कामाला एक दिवस या हिशेबाने ती मिळते आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. ही मुभा खुद्द कायद्याने कामगाराला दिलेली आहे. शिवाय वेळेत अर्ज करूनही रजा नाकारली गेली असेल, तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क त्याच कलमात आहे.

आता नेमणूकपत्राचा नववा मुद्दा. 'धोरण बदलू शकतो' याचा अर्थ कायद्यापेक्षा जे जास्त दिलं होतं ते पुढच्या काळासाठी कमी करता येईल. उदाहरणार्थ, कंपनी ९० दिवस साठवू देत होती आणि आता ४५ म्हणते, तर त्यावर वाद घालता येईल पण तो अवघड आहे. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली मात्र कुठल्याही करारातल्या कलमाने जाता येत नाही. तुम्ही सही केलेली असली तरीही.

दुसरी गोष्ट, १८ दिवसांची एकत्रित रजा. पाच दिवसांच्या आठवड्यात साधारण २४० दिवस भरतात, भागिले २० म्हणजे १२. अधिक ८ सीएल, झाले २०. म्हणजे नवं धोरण पुढच्या वर्षापासूनच दोन दिवसांनी तोकडं पडतंय.

तिसरी गोष्ट आणि खरी मेख इथेच आहे. हे सगळं 'कामगारा'ला लागू. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरच्या लोकांना हा कायदा लागत नाही. एचआर तुम्हाला हेच ऐकवणार. तुमच्या हाताखाली माणसं आहेत का? तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का?

मुळाकाठ
पदाचं नाव 'असोसिएट लीड' आहे. पण हाताखाली कुणी नाही. मी टेस्टिंग करते, बग नोंदवते, रिपोर्ट लिहिते. कुणाच्या रजेवर माझी सही चालत नाही.

कायद्याचं_बोला
मग नावाला महत्त्व नाही. कोर्ट नेहमी बघतं की माणूस दिवसभरात मुख्यतः काय काम करतो. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय ते दुय्यम. आणि एक हत्यार लक्षात ठेवा. ज्या पदांना कंपनी व्यवस्थापकीय वा गोपनीय म्हणते, त्यांची यादी तिने आपल्या वेबसाइटवर, वेबसाइट नसेल तर ठळक जागी लावायची असते आणि एक प्रत सुविधाकाराकडे द्यायची असते. सुविधाकार म्हणजे पूर्वीचा दुकाने निरीक्षक. ती यादी लेखी मागा. यादीच नसेल तर 'तुम्ही मॅनेजर आहात' हे कंपनीला आता अचानक आठवून चालणार नाही.

चिंचवडचे_काका
वकीलबाईंचा प्रतिसाद फार आवडला. मी ३१ वर्षं कारखान्यात काढली, २०१४ ला निवृत्त झालो. आमच्याकडे पोर्टल नव्हतं, पुठ्ठ्याचं रजा कार्ड असायचं. वरच्या कोपऱ्यात तिकीट नंबर आणि खाली रकाने. रजा घेतली की टाइम ऑफिसचा कारकून जांभळ्या शिक्क्याने तारीख उमटवायचा आणि शिल्लक पेनाने लिहायचा. माझी सगळी कार्डं अजून ट्रंकेत आहेत. नातू विचारतो, आजोबा हे काय, तेव्हा त्याला सांगतो, ही माझी बँकेची पासबुकं.

आम्हाला १९४८ चा कारखाने अधिनियम लागायचा. कलम ७९. तिथेही २० दिवसांना एक रजा आणि पुढे नेण्याची मर्यादा ३० दिवस. पण मागितलेली रजा साहेबाने नाकारली, तर तेवढी रजा कितीही साठवता येते, त्याला मर्यादाच नाही. म्हणून आमचे युनियनचे सेक्रेटरी एकच गोष्ट घोकून घ्यायचे. "रजा तोंडी मागू नका, अर्ज द्या. नाकारली तर नाकारली असं लिहून घ्या." नाकारलेल्या अर्जांची मी वेगळी फाइल ठेवली होती, त्यात ११ अर्ज होते. लेकीच्या लग्नात त्याच अकरा दिवसांनी मला वाचवलं.

आणखी एक. १९९१-९२ च्या सुमारास व्यवस्थापनाने रजेचे नियम बदलायचं ठरवलं, तेव्हा गेटवरच्या फळ्यावर बदलाची नोटीस लागली होती, मराठीतून. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९अ. एकवीस दिवसांची मुदत. त्या एकवीस दिवसांत युनियनने हरकत घेतली, बैठका झाल्या आणि शेवटी करारात जुन्यांच्या रजा तशाच राहिल्या. मुली, तुझ्या मेलला अशी हरकत कुणी घेतली का? दोनशे माणसांत तू एकटी तर नसशील.

कायद्याचं_बोला
काकांना नमस्कार. ते कलम ९अ आता औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० म्हणून आलंय. केंद्राने जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पगारी रजा आणि सुट्ट्या हा विषय औद्योगिक संबंध संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे असा बदल करताना नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीपासून २१ दिवस तो अमलात आणता येत नाही. मूळ धाग्यात १२ फेब्रुवारी ते १ एप्रिल असे २१ पेक्षा जास्त दिवस आहेत. त्यामुळे नुसत्या मुदतीवर भांडू नका, कंपनी म्हणेल मुदत दिली. मुद्दा असा मांडा की नोटीस देणं म्हणजे संमती मिळवणं नव्हे आणि नोटीस देऊनही कायद्याच्या खाली जाता येत नाही.

सेतू_मनुष्यबळ
मी एचआरमध्ये आहे, तेव्हा दुसरी बाजूही मांडते. कृपया शिव्या देऊ नका.

रजा साठतात तेव्हा त्या कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून बसतात. दरवर्षी अ‍ॅक्च्युअरीकडून (पुढच्या देण्यांचा अंदाज बांधणाऱ्या तज्ज्ञाकडून) मूल्यांकन करून तरतूद करावी लागते. २०१७ मध्ये कमी पगारावर साठवलेला एक दिवस २०२६ च्या पगाराने फेडायचा असतो. दोनशे माणसांचे सरासरी ३० दिवस धरले तर ६००० दिवस होतात. कंपनी विकायची असेल, गुंतवणूकदार यायचा असेल, तर तो पहिल्यांदा हाच आकडा बघतो. म्हणून वरून आदेश येतो की हे ओझं कमी करा. आम्हाला दोन आठवड्यांत धोरण लिहायला सांगतात, आणि खरं सांगायचं तर अनेकदा दुसऱ्या राज्यातल्या कंपनीचा मसुदा उचलला जातो. प्रत्येक राज्याचा दुकाने कायदा वेगळा असतो हे लिहिणाऱ्याला माहीतच नसतं.

दुसरं म्हणजे लोकांनी रजा घेतलीच पाहिजे हेही मला मनापासून वाटतं. तीन-तीन वर्षं रजा न घेणारी माणसं मी आजारी पडताना पाहिली आहेत. पण त्यासाठी जुनी शिल्लक रद्द करणं हा मार्ग नव्हे. आमच्याकडे मी भांडून वेगळा तोडगा मिळवला. जुनी शिल्लक वेगळ्या खात्यात गोठवली. ती हवी तेव्हा वापरा किंवा जाताना पैसे घ्या. नवी मर्यादा फक्त नव्या रजांना. एकाही माणसाने तक्रार केली नाही. @मुळाकाठ, तुमच्या एचआरला हा तोडगा सुचवून बघा. त्यांनाही वर दाखवायला काहीतरी लागतं.

खडकीचा_खंडू
@सेतू_मनुष्यबळ, हा तोडगा चांगला आहे. आमच्याकडे असं कुणी सुचवलंच नाही. आणि ते ४५ दिवसांचं कलम मला आज पहिल्यांदा कळलं, पंधरा वर्षं नोकरी केल्यावर. माझं पहिलं मत मागे घेतो.

कागदी_होडी
एक शंका. पाच दिवसांचा आठवडा, वर दहा-बारा सणांच्या सुट्ट्या, त्यात दहा दिवस आजारी. माझे २४० भरतच नाहीत. आमचा एचआर याच कारणाने ईएल नाकारतो.

कायद्याचं_बोला
@कागदी_होडी, शंका रास्त आहे. त्या चारपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली आहे. दर २० दिवसांना एक रजा हे प्रमाण तेच. तिथे साठवणुकीची मर्यादा ३० दिवस आहे, पण वर्षाअखेर कामगाराने मागणी केली तर रजेचे पैसे द्यावे लागतात. राज्याचा कायदा आणि संहिता दोन्ही शेजारी ठेवून कामगाराला जे जास्त हिताचं ते मागायचं, अशी आमची मांडणी असते. तुमच्या हजेरीची नोंद लेखी मागून घ्या.

हडसनपार
धाग्याला थोडं बाहेरचं. मी कॅलिफोर्नियात असतो. इकडे केंद्राच्या कायद्यात पगारी सुट्टीचा हक्कच नाही, एक दिवसही नाही. पण कॅलिफोर्नियात एकदा कमावलेली सुट्टी हा पगार मानला जातो. १९८२ च्या सुआस्तेझ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं. काम केलं त्या दिवशीच ती सुट्टी थोडी थोडी तुमच्या मालकीची होत जाते. त्यामुळे 'वापरा नाहीतर गमवा' हे इथे बेकायदा. कंपनी फक्त कमाल मर्यादा लावू शकते. मर्यादेला पोचलात की नवी सुट्टी साठणं थांबतं, पण जुनी जात नाही.

म्हणून अलीकडे कंपन्यांनी 'अमर्याद सुट्टी' आणली. आमच्याकडे २०२२ ला आली, तेव्हा जुन्या १९ दिवसांचे पैसे चेकने हातात दिले, द्यावेच लागले. पण आता काहीच साठत नाही, त्यामुळे नोकरी सोडताना काही मिळत नाही. पहिल्या वर्षी मी मोजून नऊ दिवस घेतले. साठलेला आकडा डोळ्यासमोर नसला की मागायला जीभ रेटत नाही. माझा भाऊ टेक्सासला आहे, त्याची शिल्लक अशीच गेली, कारण तिथे कंपनीचं धोरण हाच कायदा.

र्‍हाइनचा_वारा
जर्मनीतून. कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस, बहुतेक कंपन्या २८-३० देतात. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका संशोधन संस्थेच्या खटल्यात सांगितलं की रजा बुडणार असेल तर मालकाने कामगाराला स्पष्टपणे, वेळेवर सांगितलं पाहिजे आणि ती घेण्याची खरी संधी दिली पाहिजे. तसं केलं नसेल तर रजा बुडत नाही. मला दर सप्टेंबरला नावानिशी पत्र येतं, 'आपल्या अमुक रजा शिल्लक आहेत, कृपया घ्या'. पहिल्यांदा पत्र आलं तेव्हा मी घाबरून बायकोला फोन केला होता, वाटलं नोकरी गेली.

पिठलंभात
हे 'खरी संधी'चं फार पटलं. @मुळाकाठ यांना एकीकडे मार्चमध्ये सोडत नाहीत आणि दुसरीकडे मार्चअखेर रद्द करतात. मग रजा घ्यायची कधी?

शाळामास्तर
राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९८१ च्या रजा नियमांनुसार वर्षाला ३० अर्जित रजा, १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा जमा होतात. साठवण ३०० दिवसांपर्यंत.

दुपारची_डुलकी
तीनशे! मास्तर, आमच्या ऑफिसात हा आकडा मोठ्याने वाचला तर चहाचं मशीनसुद्धा सरकारी भरतीचा फॉर्म भरेल.

शाळामास्तर
:) पण शिक्षकांना त्या ३० मिळत नाहीत बरं का, उन्हाळ्याची सुट्टी असते म्हणून.

परळचा_भोंगा
अवांतर आहे, पण राहवत नाही. आज आपण रजेवर बोलतोय, पण मुंबईत रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आपणहून दिलेली नाही. गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस काम चालायचं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी, सत्यशोधक माणूस, 'दीनबंधु'चे संपादक, १८८० च्या दशकात गिरणी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज सरकारला दिले. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पडली. माझे पणजोबा लालबागच्या गिरणीत साचेवाले होते. घरात सांगायचे की आधी महिन्यातून एखाद-दुसरा दिवस सुट्टी मिळायची, तीही यंत्रं साफ करण्यापुरती. परळला लोखंड्यांच्या नावाने सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे. तिथून जाताना मी आजही हात जोडतो.

मग आज दोनशे शिकलेली माणसं मिळून एक अर्ज का लिहू शकत नाहीत?

गौरीचा_मुखवटा
@परळचा_भोंगा, सुंदर लिहिलंत. सणांच्या सुट्ट्यांचंही सांगते. आमच्या कंपनीने यंदा गौरी-गणपतीची सुट्टी काढून त्या जागी परदेशी ग्राहकाच्या सणाची सुट्टी दिली. आम्ही बायकांनी मिळून विचारलं. त्याच कलम १८ मध्ये वर्षाला ८ पगारी सणांच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. मिळून! आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. ज्येष्ठा गौरी पूजनाचा दिवस परत आला. त्या मीटिंगला मी पुरणपोळ्या नेल्या होत्या, त्याचाही काही वाटा असेल.

शाई_आणि_कागद
मी मालकाच्या बाजूने लिहितो. कोल्हापुरात छपाईचा छोटा धंदा, १४ माणसं. माझी अडचण अशी की दोन मशीनमन एकदम रजेवर गेले की काम थांबतं. लग्नाच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, मी रजा देऊच शकत नाही. पण मी त्यांच्या रजा कधी बुडवल्या नाहीत. दर जानेवारीला हिशेब करून उरलेल्या रजांचे पैसे पगारासोबत देतो. मला वर्षाला साधारण एका पगाराचा खर्च येतो, माणसं मात्र बारा-बारा वर्षं टिकली आहेत. नव्या मशीनमनला पहिल्यापासून शिकवण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

वकीलबाई, राज्याने दुकाने कायद्याची मर्यादा १० वरून २० माणसांवर नेली असं वाचलं. मग मला तो लागू नाही ना?

कायद्याचं_बोला
मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये तसा निर्णय घेतला, बरोबर. पण तुमचा छापखाना, त्यात यंत्रं, चौदा माणसं. तुमच्या बाबतीत केंद्राची संहितासुद्धा बघावी लागेल आणि तिचा उंबरठा १० चा आहे. तुम्ही आत्ता जे करताय ते सोडू नका, त्यातच तुमचं भलं आहे.

आकडेमोड
सीए आहे, फक्त कराचं सांगते. नोकरीत असताना रजेचे पैसे घेतले तर पूर्ण रकमेवर कर लागतो. निवृत्त होताना किंवा नोकरी सोडताना घेतले तर खासगी नोकरदारालाही सूट आहे. ती मर्यादा पूर्वी ३ लाख होती, १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली, आणि ती आयुष्यभराची एकूण आहे. तेव्हा 'पैसे घ्या आणि मिटवा' असा पर्याय आला तर हे डोक्यात ठेवूनच होकार द्या. @मुळाकाठ यांच्या जागी मी असते तर दिवसच मागितले असते. त्यांना पैसे नकोत, वेळ हवाय.

मुळाकाठ
@आकडेमोड, अगदी हेच.

सगळ्यांचं वाचून काल रात्री बसून जुने मेल चाळले. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी दिवाळीनंतर १५ दिवस मागितले होते, तीन आठवडे आधी. मॅनेजरचं उत्तर सापडलं: "सॉरी, रिलीज आहे, या तिमाहीत जमणार नाही." त्याच्या आधीच्या वर्षीचंही एक आहे. चिंचवडच्या काकांची फाइल आठवली. माझीही झाली, दोन पानांची.

आज टेस्टिंगच्या टीममधल्या सहा जणांशी बोलले. चौघांच्या रजा ३० च्या वर आहेत. एकाच्या बायकोचं बाळंतपण जूनमध्ये आहे, त्यानेही त्यासाठीच साठवल्यात. आम्ही मिळून पत्र लिहायचं ठरवलंय. तक्रारीचा सूर कुठून सुरू करावा ते कळत नाहीये.

कायद्याचं_बोला
तक्रार नको, विचारणा करा. एक पान, तीन प्रश्न. कलम १८ प्रमाणे आमची ४५ दिवसांपर्यंतची अर्जित रजा कायम राहील, याची लेखी खात्री द्यावी. त्यावरचे, नाकारल्या गेलेल्या अर्जांमुळे उरलेले दिवस कसे फेडणार ते सांगावं. आणि व्यवस्थापकीय पदांची यादी कुठे लावली आहे ते कळवावं. खाली सगळ्यांच्या सह्या. उत्तरासाठी दहा दिवस. वेगळं काही लिहू नका, धमकी तर नकोच. उत्तर आलं नाही तर शिवाजीनगरला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तेच पत्र जोडून अर्ज देता येईल.

सेतू_मनुष्यबळ
आणि चौथी ओळ जोडा: जुनी शिल्लक वेगळ्या खात्यात ठेवण्याचा पर्याय आम्हाला मान्य आहे. पत्र वाचणाऱ्याला बाहेर पडायची वाट दिसू द्या.

चिंचवडचे_काका
पत्राची पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख.

गौरीचा_मुखवटा
आणि पुरणपोळ्या.

मुळाकाठ
अठरा दिवसांनी लिहितेय. मधे धागा वर काढणाऱ्या सगळ्यांचे आभार, आधी लिहायला हवं होतं.

पत्रावर सात नाही, ३४ सह्या झाल्या. मी प्रिंट घेऊन कॅन्टीनमध्ये बसले होते, लोक आपणहून आले. ज्यांच्या खात्यावर तीनच रजा आहेत अशी एक नवीन मुलगीही आली, म्हणाली, "माझ्याही कधीतरी साठतील ना." पोच घेतली, शिक्क्यासकट.

आठव्या दिवशी मीटिंगला बोलावलं. यादीबद्दल विचारल्यावर एचआरच्या बाईंनी शेजारच्यांकडे पाहिलं. यादी नव्हती. मग त्या म्हणाल्या की धोरणाचा मसुदा त्यांच्या दुसऱ्या शहरातल्या ऑफिसवरून आला होता. @सेतू_मनुष्यबळ, तुम्ही लिहिलेलं शब्दन् शब्द खरं निघालं.

काल सुधारित मेल आला. ४५ पर्यंतच्या ईएल कायम, 'जुनी शिल्लक' म्हणून वेगळ्या रकान्यात. त्यावरच्या, ज्यांचे अर्ज नाकारल्याचे मेल आहेत, त्यांना पैसे. माझे सात दिवस त्यात आले. वर्षाला १८ च्या जागी २१ रजा. पण ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत अशा २३ जणांना १२ फेब्रुवारीच्या मेलमधलंच धोरण लागू ठेवलंय, त्यांच्या रजा ३१ मार्चला जाणार. त्यातले दोघे आमच्या पत्रावर सही करणारे आहेत. ते मला टोचतंय. जूनमध्ये बाळ होणार आहे तो त्यांच्यापैकीच एक.

आईसाठी ११ मेपासून ३० दिवस मंजूर झाले.

खडकीचा_खंडू
वाचून फार बरं वाटलं ताई. आईंना लवकर आराम पडू दे. साताऱ्यात काही मदत लागली तर सांगा, माझी बहीण तिथेच सदर बझारला राहते.

कायद्याचं_बोला
अभिनंदन. त्या दोघांसाठी दार बंद झालेलं नाही. हाताखाली माणसं असली तरी त्यांचं मुख्य काम स्वतः कोड लिहिण्याचं असेल आणि रजा मंजूर करणं, कामावर घेणं-काढणं त्यांच्या हातात नसेल, तर त्यांनाही हाच मुद्दा मांडता येईल. कंपनी आता जी यादी लावेल त्यात त्यांचं पद कशाच्या आधारावर घातलं, ते लेखी विचारायला सांगा. तारीख ३१ मार्चच्या आतली हवी.

मुळाकाठ
उद्या सकाळीच दोघांना घेऊन बसते. पत्राचा मसुदा इथे टाकते, वकीलबाई एकदा नजर टाकाल का?

कायद्याचं_बोला
टाका. रात्री नऊनंतर वाचते.

कागदी_होडी
मी हजेरीची नोंद मागितली होती, आज मिळाली. २३१ दिवस भरले आहेत. १८० च्या अटीवर अर्ज करतोय. नवा धागा काढू की इथेच लिहू?

चिंचवडचे_काका
इथेच लिही. आणि पोच घे.